गोविंदगुरुजींचा धसका

पंचवटीत एक गोष्ट बरीच वर्षं कानाशी लागून सांगितली जायची. ब्याण्णव सालच्या श्रावणात गोविंदगुरुजींनी रामकुंडावर भरदिवसा भूत पाहिलं. भूतही ऐरंगैरं नव्हे, चांगलं यजमानांपैकी. येवल्याकडचा कुणी सावळीराम, आदल्या साली वारलेला, कुंडातून निथळत वर आला, गुरुजींसमोर उभा राहिला आणि म्हणाला, वहीत माझं नाव बघा. गुरुजींनी वही उघडली, नाव बघितलं, वर बघितलं. "अरे, तू तर गेलास," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि उपरणं, चपला, पळी-पंचपात्र सगळं जागेवर टाकून ते जे पळाले ते थेट घरी. वही मात्र बगलेत. भूत थोडा वेळ उभं राहिलं आणि गर्दीत दिसेनासं झालं.

सांगणाऱ्यागणिक भुताचे अवयव बदलत. आमच्या गल्लीत त्याचे पाय उलटे होते. सरदार चौकात पोचेपर्यंत त्याला पायच उरले नाहीत. मी स्वतः ही गोष्ट तीन घरी पोचवली आणि त्यातल्या दोन घरी चहा घेतला, तेव्हा दुसऱ्या कुणाला नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

आता हा गोविंद कोण, ते सांगतो. घराणं तीर्थोपाध्यायांचं. नाशकाला आलेल्या माणसाने गाव आणि आडनाव सांगितलं की त्याचे गुरुजी कोण ते ठरलेलं असतं, आणि त्या गुरुजींच्या वहीत त्याच्या खापरपणजोबापर्यंत सगळे सापडतात. कोण कधी आला, बरोबर कोण होतं, कुणाचं काय केलं, सगळं लिहिलेलं. येवल्याकडच्या गावांची वही गोविंदाला वडिलांकडून आली होती. लांबट, लाल कापडात बांधलेली, पुढची पानं पणजोबांच्या मोडीत, मधली आजोबांच्या, शेवटची वडिलांच्या बाळबोध अक्षरात. वडील गोविंद नऊ वर्षांचा असताना गेले. त्यांचा फोटो घरात एकच, तोही हललेला. त्यामुळे वडील कसे होते असं कुणी विचारलं की गोविंद ती वही आणून त्यांचा 'श' दाखवायचा.

त्या दिवसानंतर गोविंद घाटावर बसला नाही. पंधरा दिवसांनी प्रयत्न केला. पायऱ्यांपर्यंत गेला आणि मागे फिरला. त्याचे काका, नानाकाका, घराण्यातले वडीलधारे. त्यांनी चुलतभावाला, विश्वेशला, त्या जागी बसवलं. येवल्याचे यजमान आले की विश्वेश त्यांचं काम करायचा आणि नोंद चिठ्ठीवर लिहून घरी पाठवायचा. गोविंद ती वहीत उतरवायचा. वहीला त्याने कुणाला हात लावू दिला नाही. लोखंडी कपाटात, बायकोच्या पैठणीच्या खाली ठेवलेली, आणि कपाटाची किल्ली जानव्याला. गोदावरीवहिनी म्हणायच्या की मला लग्नात जावंसं वाटलं तर आधी यांच्या गळ्यात हात घालावा लागतो, शेजारी बघतात.

पोटापाण्याला एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली. पण माणूस स्थिर म्हणून नव्हता. जेवताना उठायचा, बोलता बोलता खिडकीशी जायचा, रस्त्याने चालताना दर दहा पावलांनी मागे बघायचा. आणि याच काळात त्याला ते खूळ लागलं.

झालं असं की पळून आला त्या दिवशी वहिनींनी विचारलं, काय झालं? गोविंदाने तोंड उघडलं आणि त्याला शब्दच सापडेना. घाबरलो म्हणावं, तर घाबरायला आधी काहीतरी कळावं लागतं. इथे कळायच्या आत पाय निघाले होते. दचकलो म्हणावं, तर दचकलेला माणूस दुसऱ्या क्षणी भानावर येतो. हा तर दोन गल्ल्या ओलांडून आला होता. शेवटी "जरा बरं नाही" म्हणून झोपला. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्याने शब्दकोश उघडला, आणि कोशाने समाधान होईना तेव्हा दोनशेपानी वही आणली. चार रकाने आखले: शब्द, गाव, कुणी सांगितला, आणि 'कुठून आला असेल'. अचानक वाटणाऱ्या भीतीचे शब्द. बाकीच्या भीतीशी त्याला देणंघेणं नव्हतं.

घाटाच्या वरच्या अंगाला भागुबाई फुलं घेऊन बसायची. मखमलाबादची, स्वतःच्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती आणायची, जिभेला धार अशी की देठ तोडायला वेगळी कात्री लागू नये. संध्याकाळी शाळा सुटली की गोविंद तिच्या छत्रीखाली येऊन उकिडवा बसायचा. तिथून कुंड दिसतं, पण कुंडावरून तिथलं माणूस चटकन दिसत नाही. गावोगावचे लोक फुलं घ्यायला थांबले की हा विचारायचा, तुमच्याकडे एकदम भ्यायला काय म्हणतात हो? लोक तेराव्याचं, वर्षश्राद्धाचं दुःख घेऊन आलेले, आणि समोर हा उकिडवा गृहस्थ पेन्सिल घेऊन. भागुबाई गिऱ्हाइकाला म्हणायची, "सांगून टाका. न्हाय सांगितलं तर घरापोत्तर येतोय."

आणि लोक सांगायचे, बरं का. मला नवल वाटायचं. भीतीबद्दल विचारलं की माणूस दुःख बाजूला ठेवून बोलतो.

इगतपुरीकडचा एक भात पिकवणारा आला होता. तो म्हणाला, आमच्याकडे पावसात बांध धसतो. आधी काही दिसत नाही, वर गवत तसंच हिरवं असतं, आतून माती गेलेली असते, आणि एकदम धस्स. तसंच काळजात होतं म्हणून धसका. गोविंद त्या दिवशी इतका खूश झाला की त्या माणसाला त्याने भागुबाईकडची शेवंतीची वेणी फुकट दिली. अर्थात भागुबाईच्या खर्चाने. त्याने वहीत लिहिलं: दचका वरून येतो, धसका खालून. दचका येऊन जातो. धसका घेतला की तो राहतो.

सटाण्याचा एक म्हातारा आला. 'धाबे दणाणले' म्हणजे काय, ते त्याने सांगितलं. मला तोवर वाटायचं की याचा हायवेवरच्या धाब्यांशी काहीतरी संबंध असणार, पोलिसांची धाड वगैरे. म्हातारा म्हणाला, "आमनं घर धाबानं शे." म्हणजे सपाट मातीच्या छताचं. आत माणसं बसलेली असतात, आणि वरून कुणी धावलं की सगळं घर घुमतं. "वर कोन शे, समजस नई," तो म्हणाला आणि हसला. त्याचं हसणं अजून माझ्या लक्षात आहे, कारण त्याला पुढचे दोन दातच नव्हते.

चौक मंडईतल्या अत्तरवाल्याने सांगितलं की तुमची धास्ती आमच्या दहशतीची लेक, आणि दहशत म्हणजे अरबीत मुळात भीती नव्हेच. थक्क होणं, सुन्न होऊन बघत राहणं. गोविंद म्हणाला, बरोबर, असंच असतं. मी म्हणालो, तू कुठे बघत राहिलास, तू तर पळालास. तो माझ्याशी चार दिवस बोलला नाही.

'पाचावर धारण' नानाकाकांनी समजावली. धारण म्हणजे धान्याचा भाव. रुपयाला पाचच शेर धान्य मिळायला लागलं की लोकांची जी अवस्था व्हायची ती ही, असं सांगतात. गोविंदाने शंका काढली की भावाने माणूस चिंतेत पडेल, एकदम कसा भिईल? नानाकाका म्हणाले, "तू मंडईत जात नाहीस, म्हणून विचारतोयस."

त्याने हात टेकले ते फक्त एका शब्दापुढे. 'गर्भगळीत' शब्दाबद्दल तो उत्साहाने बोलायला लागला, गर्भ अधिक गलित वगैरे, आणि भागुबाईने हातातला सुई-दोरा खाली ठेवला. म्हणाली, "ह्यो शबुद पुरुसांनी सवंग केलाय, गुर्जी. परीक्षेला भ्याला, झाला गर्भगळीत. जिचं गळलंय तिला इचारा, आन मंग लिवा." त्यापुढे तिने त्या संध्याकाळी कुणाशी भाव केला नाही, मागतील तेवढ्याला फुलं दिली. गोविंदाच्या वहीत त्या शब्दासमोरचे तिन्ही रकाने कोरे आहेत. मी पाहिलेत.

असं वाचून तुम्हाला वाटेल की मोठा अभ्यासू गृहस्थ. थांबा. नुसतं विचारून भागेना तेव्हा साहेब प्रयोगाला लागले. त्याचं म्हणणं, माणूस सावरल्यावर पुस्तकी शब्द सांगतो. खरा शब्द दचकताक्षणी निघतो. म्हणून मागून जाऊन कागदी पिशवी फोडायची आणि तोंडून काय येतं ते टिपायचं. सराफ बाजारात त्याने माझ्या कानामागे पिशवी फोडली. माझी नोंद त्याच्या वहीत अशी आहे: 'उद्गार लिहिण्याजोगा नाही, मातृवाचक.' विश्वेशमागे फोडली तेव्हा तो "दादा" म्हणाला, मागे न बघताच. म्हणजे सगळ्या घराला सवय झाली होती. नानाकाका संध्या करत असताना स्टीलचं ताट पाडलं, आणि त्या बहात्तर वर्षांच्या वेदमूर्तीने जो शब्द उच्चारला तो गोविंदाने कुणालाच सांगितला नाही. मी पुष्कळ खणून पाहिलं. नानाकाका त्यानंतर महिनाभर मला टाळत होते, यावरून काय ते समजा.

हे झालं गमतीचं. पण मी लोकांच्या घरात डोकावणारा माणूस, माझ्या नजरेतून एक गोष्ट सुटली नव्हती. येवल्याकडचं कुणी आलं की गोविंद शब्द विचारत नसे. तो कांद्याचं विचारायचा, पावसाचं विचारायचा, मग हळूच, अमक्या गावचे का तुम्ही? त्या गावाला कोण कसं आहे? आणि विचारताना पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहायचा. एकदा लांबून एक डोक्याला लाल पागोटं बांधलेला उंच माणूस दिसला, तर हा चक्क भागुबाईच्या टोपलीमागे आडवा झाला. माणूस निघाला सिन्नरचा. एका बैलवाल्याने आम्हाला सांगितलं होतं की बैल एका जागी बुजला, की पुढल्या खेपेला त्या जागेच्या आधीच थांबतो. आम्ही म्हटलं, आपला गोविंदही तसाच, भुताला बुजलाय. आणि विषय सोडून दिला.

अशी अकरा वर्षं गेली. दोन हजार तीनचा सिंहस्थ आला. नानाकाका आता ऐंशी पार, आवाज बसलेला, पण हुकूम अजून तोच. भाद्रपदात त्यांनी दोघांना समोर बसवलं. म्हणाले की यजमानांची वही म्हणजे काही लोणचं नव्हे, कपाटात मुरवायला. पितृपक्षात एक दिवस गोविंदाने घाटावर बसायचं. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, सर्वांदेखत, वही समोर उघडी. बसून राहिला तर वही त्याची, पुढेही त्याच्याच घरात. उठून गेला, तर त्याच दिवशी विश्वेशच्या हातात द्यायची आणि पुन्हा मागायची नाही.

विश्वेश बिचारा म्हणाला, "दादा, तू बसच. एक तालुका कमी झाला तर माझे गुडघे तुला दुवा देतील." पण गोविंदाने ऐकलं नसावं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. वहिनींनी मला नंतर सांगितलं की त्या रात्री त्याने वही काढली, वडिलांच्या अक्षरातली पानं एकेक करून उलटली, आणि मग एका पानाशी थांबून ती तिथेच मिटली.

बसायचा दिवस उजाडला. मी थर्मास घेऊन गेलो होतो. अशा वेळी कुणीतरी साक्षीला हवं, आणि चुकलं तर सांगायलाही. घाटावर ही गर्दी. नानाकाका खुर्ची टाकून बसलेले. विश्वेश थोड्या अंतरावर, सोवळं नेसून तयार, न जाणो. गोविंद मांडी घालून बसला खरा, पण त्याची मांडी म्हणजे नुसती उकळती किटली. झाकण सतत हलतंय. कुंडातून कुणी ओला माणूस वर आला की हा पाठ ताठ करायचा. कुणी मागून "गुरुजी" म्हटलं की मान फिरायची. पहिल्या यजमानाचा संकल्प सांगताना आवाज असा चिरका निघाला की भागुबाईने वरून ओरडून विचारलं, घसा धरलाय का कुणी तुमचा.

पण दुपारपर्यंत बसला, हो. चौदा घरं झाली. हळूहळू जुना आवाज परत आला, तो खालच्या पट्टीतला, थोडासा गोड. एका लहान मुलीने पिंडावर ठेवायचं फूल उलटं ठेवलं तर त्याने हसून तिचा हात धरून सुलटं केलं. नानाकाकांनी खुर्चीत डोळे मिटले. विश्वेश मला म्हणाला, दादा जिंकला आता. मी घड्याळ पाहिलं. चार वाजून गेले होते. उन्हं उतरायला दोन तास.

तेवढ्यात एक तिशी ओलांडलेला माणूस पायऱ्या उतरून आला. डोक्याचा गोटा केलेला, हातात लाल फडक्यात बांधलेलं गाडगं. त्याने गावाचं नाव सांगितलं. ते गाव ऐकताक्षणी गोविंदाचा हात वहीवर पडला, पान वाऱ्याने उडू नये म्हणून दाबतात तसा.

"नाव?"

"महेश."

"कोण गेलं?"

"चुलते. सावळीराम. परवा गेले."

भागुबाईची माळ सुटली. झेंडू पायऱ्यांवरून टपटपत खाली गेले आणि ते उचलायचं तिला सुचलं नाही. घाटावरच्या आसपासच्या दहाबारा माणसांना हे नाव पाठ होतं. अकरा वर्षं आम्हीच ते वाजवत आलो होतो. परवा गेला? मग ब्याण्णव साली कोण आलं होतं? मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. विश्वेश उठून उभा राहिला. सगळे गोविंदाच्या पायांकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर त्याचे गुडघे जमिनीवरून सुटलेही होते.

आता मला नंतर जे कळलं ते इथेच सांगतो, म्हणजे तो कशात अडकला होता ते दिसेल. त्याला गप्प बसता येत होतं. वही आपल्याकडे वळवून, हाताआड धरून, एक ओळ लिहायची, अस्थी सोडवायच्या, यजमानाला वाटेला लावायचं. दोन तासांनी वही त्याची. कुणाला काही कळलं नसतं. आम्ही भुताबद्दल आणखी चार गोष्टी रचल्या असत्या आणि त्यात तो सुरक्षित राहिला असता.

त्याने गुडघे पुन्हा टेकले. लेखणी उघडली. वही तशीच हाताआड. आणि सहज बोलावं तसं म्हणाला, "बरेच दिवसांनी आलात तुमच्या घरातले."

महेश म्हणाला, "काकांना यायचं व्हतं. दरसाली म्हणायचे. पण त्यांनी धसकाच घेतला व्हता."

"कशाचा?"

"ब्याण्णवला हितं आलते. हितल्या एका गुरुजींनी त्यांचं त्वांड पायलं आन पळत सुटले. काका म्हणायचे, गुरुजीला माझ्या तोंडावर मरण दिसलं. तवापास्नं मोटारसायकलवर बसले नाय. हिरीपाशी गेले नाय. आमी शेतातून याला उशीर केला का दारात उभे. घरात कुणी शिंकलं तरी उठून बसायचे." त्याने गाडगं या हातातून त्या हातात घेतलं. "अकरा वर्सं, गुरुजी. अन गेले ते झोपेत. काय नाय झालं त्यांना."

दोनशे पानांची दुसरी वही गोविंदाच्या पिशवीत होती, नेहमीसारखी. तिच्यात 'धसका' हा शब्द चार गावांच्या नावांनी लिहिलेला होता. त्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"ते गुरुजी मीच," तो म्हणाला.

महेशने त्याचं तोंड नीट न्याहाळलं, बारा वर्षांत ते बरंच बदललं होतं. मग फार हळू विचारलं, "मंग खरंच दिसलं व्हतं का तुमाला?"

"नाही. त्यांच्या तोंडावर काही नव्हतं. या वहीत होतं."

आणि त्याने हात काढला. वही उलटी फिरवून महेशसमोर सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. महेश चौथीपर्यंत शिकलेला असेल नाहीतर दहावीपर्यंत, पण वाचायला त्याने वेळ घेतला. वाचताना ओठ हलत होते. "कै. सावळीराम. शके एकोणीसशे तेरा." गेलेल्या माणसाच्या नावाआधी कै. घालतात, हे आपल्याकडे लग्नपत्रिका वाचणाऱ्या पोरालाही माहीत असतं. मग त्याची नजर वरच्या ओळीवर गेली. तिथे त्याच्या वडिलांचं नाव होतं. बुधा. नुसतं.

"एक्याण्णवला मी आबाला घेऊन आलतो," तो म्हणाला. "गाडगं माझ्याच हातात व्हतं. गर्दीत नाव धड ऐकू येईना, तुमी सांगत व्हता आन मी म्हणत व्हतो. तवा काका घरी तापानं पडलेले." त्याने वडिलांच्या नावावर बोट ठेवलं. "म्हंजी आबाला पिंड..."

"मिळाला नाही," गोविंद म्हणाला. "अस्थी गेल्या. पिंड गेला नाही. मला दुसऱ्या साली तुमचे काका समोर आले तेव्हा कळलं. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. आज दोघांचं करू."

नानाकाका खुर्चीत उठून बसले होते. महेशने वही मिटली. जोराने नाही, नीट मिटली. आणि विश्वेशकडे हात करून म्हणाला, "तुमी नगा. हे दुसरे गुरुजी करतील."

गोविंद उठला. कुंडावर अजून ऊन होतं. त्याने आधी वाकून लेखणी घेतली, सावळीरामाच्या नावाआधीचं कै. खोडलं नाही, त्यापुढचा शक तेवढा खोडून आजचा घातला. मग वरच्या ओळीला, बुधाच्या नावाआधी, कै. लिहिलं आणि तेराचा शक. अक्षर हललं नाही. वही लाल कापडात बांधून त्याने विश्वेशच्या हातात दिली आणि बाजूला सरकून त्याला बसायला जागा केली. नानाकाकांना यावर काही म्हणायचं होतं बहुतेक, पण अट त्यांचीच होती. विश्वेशने दोन्ही पिंड नीट दिले. नावं दोनदोनदा विचारून घेतली. गोविंद तोवर पायऱ्यांवरचे झेंडू वेचत होता, आणि भागुबाई त्याला टोपली पुढे करत होती.

घरी जाताना मी त्याच्याबरोबर होतो. मला राहवेना. विचारलं, भुताची गोष्ट पहिल्यांदा कुणी काढली रे? तो म्हणाला, लोकांनीच काढली. त्याने फक्त नाही म्हटलं नव्हतं. भूत पाहिलेल्या गुरुजीची लोक कीव करतात, जिवंत माणसाला पिंड देणाऱ्याची करत नाहीत. हे सांगतानाही तो दर दहा पावलांनी मागे बघत होता. ती सवय त्याची तशीच राहिली. वही मात्र परत आली नाही. ती अजून विश्वेशच्या घरात आहे, आणि गोविंदाने ती पुन्हा मागितली नाही.

तेव्हा पंचवटीत अजून कुणी सांगत असेल तर त्याच्यासाठी लिहून ठेवतो. ब्याण्णव साली रामकुंडावर भूत आलं नव्हतं. सावळीराम जिवंत होता आणि अंघोळ करून आला होता. मेला होता त्याचा थोरला भाऊ बुधा. आदल्या वर्षीच्या गर्दीत गोविंदाचं बोट वहीत एक ओळ खाली घसरलं, आणि त्याने धाकट्या भावाला मेलेला लिहून त्याच्या नावाने पिंड दिला.